रांगोळीतलं बंदर

आमच्या मास्तरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला परीक्षेला गेले असताना, लांबून. पण त्या वर्षी पौषात आमच्या सोलापुरातल्या बाळीवेशीजवळच्या बिऱ्हाडात जेवढं आरमार गोळा झालं होतं, तेवढं सरकारकडेसुद्धा नसेल. मास्तर म्हणजे माझे यजमान. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून सगळ्या गल्लीसारखी मीही त्यांना मास्तरच म्हणते. मी गोदावरी.

झालं असं, की वाचनालयातल्या वर्तमानपत्रात त्यांनी एक बातमी वाचली. कुठल्याशा दूरच्या बेटावर एका देशाचं आरमार आपल्याच लोकांशी लुटुपुटूची लढाई खेळलं होतं. हल्ला करणाऱ्यांनी तोफांच्या मोठ्या बोटी मागे ठेवल्या आणि विमानं वाहून नेणाऱ्या सपाट बोटी तेवढ्या पुढे आणल्या, रात्री, दिवे मालवून. रविवारी उजाडता उजाडता विमानं बंदरावर आली. बेटावरची माणसं साखरझोपेत होती आणि त्यांची विमानं जमिनीवर ओळीने उभी होती. खेळ खलास.

दुसऱ्या कुणीही पान उलटलं असतं. मास्तरांनी मला जेवताना विचारलं, "अगं, त्या बेटाला तासभर आधी कळलं असतं, तर?"

"आधी भात संपवा," मी म्हटलं.

भात संपला, पण प्रश्न संपला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात माझ्या रांगोळीने बंदर काढलं गेलं. माझ्या वाट्या आणि पळ्या म्हणजे तोफांच्या बोटी. शेंगा म्हणजे विमानं. सपाट बोटी कुठून आणायच्या, तर डब्यातल्या माझ्या कडक भाकरी! बाजरीच्या, चांगल्या वाळवून ठेवलेल्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते ऐकलं होतं, प्रत्यक्ष माझ्याच चुलीवर होईल असं वाटलं नव्हतं.

हल्ल्याच्या बाजूला असायचे कमलाकर वकील. मास्तरांचे शाळेपासूनचे स्नेही, कोर्टातली वकिली बेताची आणि आवाज मात्र हायकोर्टाचा. रोज संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसून शेंगा सोलायचे आणि पडतील ती टरफलं म्हणजे आपली पडलेली विमानं असं धरायचे.

पहिल्या डावात बेटाला बातमीच नव्हती. वकिलांनी तळहाताने सगळ्या शेंगा सारून टाकल्या. दुसऱ्या डावात मास्तरांनी बेटाला अर्धा तास दिला. अर्ध्या तासात काय होतं, तर विमानं वर चढतात, तोफांपाशी माणसं पोचतात, कुलपातला दारूगोळा बाहेर निघतो, बोटींच्या पोटातली दारं बंद होतात. मार बसतो, पण बंदर उरतं. तिसऱ्या डावात एक अख्खा दिवस दिला. मग तर बंदरात वाटी-पळी काही ठेवलंच नाही. सगळं खुल्या समुद्रात, म्हणजे तुळशीच्या पलीकडे, आणि बेटाची विमानं उलट वकिलांच्या भाकऱ्या शोधत निघाली.

"हे अन्याय्य आहे," वकील ओरडले. "मी हल्ला करायला आलोय की मार खायला?"

"तेच तर! बातमी मिळाली की शिकार आणि शिकारी यांची अदलाबदल होते," मास्तर म्हणाले.

वकीलही काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, "आणि रोज उठून बातमी आली तर? आज येणार, उद्या येणार. दहाव्या दिवशी तुझं बेट घोरत पडेल, तेव्हा मी येईन." त्यावर मास्तर दोन दिवस वाचनालयात उत्तर शोधत बसले. मला तो प्रश्न आवडला होता, पण मी बोलले नाही, नाहीतर मलाही एक बेट दिलं असतं.

आता यात वाईट ते काय? काही नाही. पण मास्तर पडले मास्तर. कुठलीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय ती समोरच्याला कळते, यावर त्यांचा विश्वास नाही. आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली पाहिजे हेही अंगात मुरलेलं. म्हणून रोज तिन्हीसांजेला, ओट्यावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात: "हल्ला कधी? रविवारी पहाटे. कधी? रविवारी पहाटे. बॉम्ब आधी कुठे पडणार? बंदरावर. कुठे?" आणि वकील खच्चून उत्तर देणार, "बंदरावर!"

इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून दीड-दोन वर्षं झाली असतील. सोलापुरात त्या दिवसांत टोपी कुठली घातली यावरून माणसाला हटकत होते. भिंतीला कान होते असं नुसतं म्हणायला नाही, आमच्या समोरच्या हॉटेलात ते कान चहा पीत बसलेले असायचे. आणि माझे हे दोन शहाणे बंदर उडवायच्या बाता मारत होते.

शनिवारी दुपारी गंगम्मा आली. ही आमची दूधवाली. कानडी बाई, बोलायची मराठी, पण आपल्या चालीची. तिची यायची वेळ सकाळची, म्हणून दुपारी दारात पाहून मी चपापले. तिने आत येऊन कडी लावली.

"अक्का, उद्या पाटं फौजदार येणार हाय तुमच्याकडं. झडती घ्यायला."

"कोण म्हणालं?"

"त्यांच्याच घरात आयकलं की. बाईसाब आदितवार करत्यात न्हवं, दूध लवकर आण म्हणाल्या, सायेबास्नी मास्तराच्या घरला जायाचं हाय म्हणाल्या. मास्तर बंदराला बाम लावतोय म्हनं. लई मोठा नकाशा हाय म्हनं." ती माझा हात धरून म्हणाली, "माजं नाव काडू नका, अक्का. त्यांना कळलं तर मला म्हशी इकून जावं लागंल हितनं."

मी तिला शब्द दिला.

मास्तरांना पकडून नेलं तर काय होईल हे मला कुणी सांगायला नको होतं. शाळा सरकारी ग्रँटवर चालायची. चौकशीला नुसतं नेलेल्या एका मास्तराला आदल्याच वर्षी घरी बसवलं होतं. तो निर्दोष सुटला, तरी शाळेने दार उघडलं नाही. आम्हाला शेत नाही, वाडा नाही, माहेरचा आधार नाही. खडू आणि फळा यांवर आमचं घर चाललं होतं, आणि त्यांना दुसरं काही येतही नव्हतं.

मास्तर शाळेतून आल्यावर मी सांगितलं. दोन आठवडे बेटाला बातमी देऊन देऊन थकलेला हा माणूस, स्वतःला बातमी मिळाल्यावर त्याची पाचावर धारण बसली. चप्पल घालून पळत वकिलांकडे गेले आणि तेवढ्याच वेगाने परत आले. वकील दुपारच्या गाडीने कुर्डुवाडीला निघून गेले होते. त्यांना कुठून वास लागला देव जाणे. घरी सांगून गेले, तारीख आहे म्हणून. रविवारी कोर्टात तारीख!

मग मास्तरांनी भराभर नकाशे काढले, वर्तमानपत्रं काढली, शाळेचा ॲटलास काढला आणि सगळं घेऊन न्हाणीघरात बंब पेटवायला बसले. मी हातातून काडेपेटी काढून घेतली.

"पहाटेपर्यंत घरात जळक्या कागदाचा वास राहील. राख कुठे टाकणार? आणि ॲटलास जाळलेला भूगोलाचा मास्तर पाहून फौजदार काय समजेल?"

"मग अंगण तरी धू. आपण मैंदर्गीला जाऊ, तुझ्या मावशीकडे."

"घर बंद, माणसं पसार, अंगण धुतलेलं. त्याला झडती घ्यायचीसुद्धा गरज राहणार नाही."

ते मटकन खाली बसले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा अभ्यास केलेला माणूस! मी म्हटलं, "तुमच्या बेटाने काय केलं तेव्हा? बातमी आल्यावर बेट उचलून पळालं का? प्रत्येक जण आपापल्या जागेवर जाऊन उभा राहिला, एवढंच ना? मग आपणही तेच करू. लपवलेलं सापडलं की गुन्हा, मांडलेलं सापडलं की खेळ."

"पण आपण तयारीत आहोत हे दिसलं तर तो विचारेल ना, कुणी सांगितलं? गंगम्माचं काय?"

हा प्रश्न मात्र खरा होता. बातमी मिळाल्याचा फायदा घ्यायचा आणि बातमी मिळाली हे दिसू द्यायचं नाही, यातली खोच त्यांच्या तिन्ही डावांत आली नव्हती. मी चुलीपाशी बसून विचार केला. आणि मग हसूच आलं, कारण फौजदाराने निवडून निवडून वार कुठला निवडला होता, तर पौषातला आदितवार.

पौषातल्या आदितवारी माझं सूर्याचं व्रत. उजाडायच्या आत नाहून, अंगणात सडा घालून, तुळशीपुढे सूर्याची रांगोळी काढायची आणि सूर्य वर आला की दुधाचा नैवेद्य दाखवायचा. त्यासाठी गंगम्मा त्या दिवशी काळोखातच दूध घेऊन येते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पांढरपेशे लोक रविवारी उशिरा उठतात, असा हिशेब करून फौजदार येणार होता. त्याच्या हिशेबात बायका नव्हत्या.

संध्याकाळी मी मास्तरांना सुभेदार आबासाहेबांकडे पाठवलं. पुढच्या गल्लीत राहायचे. मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनर, छातीवर पदकं. कलेक्टरसाहेबांच्या दरबारात यांना खुर्ची असायची. निरोप एवढाच, की लढाईचा एक डाव खऱ्या वेळेला, म्हणजे रविवारी पहाटे, खेळून पाहायचा आहे आणि पंच म्हणून जाणता माणूस हवा. झडतीचं अक्षर बोलायचं नाही. मास्तर म्हणाले, "न आले तर?" मी म्हटलं, "पेन्शनर माणूस लढाईला नाही म्हणेल का?"

परत आल्यावर त्यांना मी आणखी एक काम लावलं. बंदराच्या बाजूला रांगोळीने ठळक अक्षरांत लिहायला लावलं: पॅसिफिक महासागर. हे बंदर मुंबईचं नाही, एवढं तरी वाचणाऱ्याला कळायला हवं.

पहाटे मी नाहून, बंदर सोडून बाकीच्या अंगणात सडा घातला आणि तुळशीपुढे सूर्य काढला. पलीकडे बंदर. आबासाहेब फेटा बांधून, कोटावर पदकं लावून आले आणि खुर्चीवर बसले. मास्तर समोर पाटावर. थंडी होती, त्यांनी लांब कोट गळ्यापर्यंत लावला होता आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"वकील कुटं हायत?" आबासाहेबांनी विचारलं. "हल्ला कोन करनार?"

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, ढकललंच. फौजदार, मागे शिवप्पा हवालदार आणि आणखी शिपाई. फौजदार तरातरा आत आले आणि अंगणाच्या मधोमध थांबले. दिवा लागलेला, माणसं बसलेली, नाहून झालेली बाई समोर उभी. झोपेतून उठवायला आलेल्या माणसाला सगळं घर जागं सापडलं. त्यांचे डोळे बारीक झाले.

"एवढ्या पहाटे सगळे तयार? आम्ही येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आणि नेमकी त्याच वेळी दारात गंगम्मा, डोक्यावर दुधाची घागर. तिचा चेहरा पाहिला असता तर फौजदारांना वेगळं काही विचारावंच लागलं नसतं. ते वळायच्या आत मी आवाज चढवला. खोटं कशाला सांगू, तो राग आणायला मला काही कष्ट पडले नाहीत.

"सांगायला कशाला पाहिजे? पौषातला आदितवार आहे! तुमच्या घरी विचारा, आत्ता उठल्या असतील त्या. आणि पाय कुठे ठेवलाय तो बघा आधी!"

फौजदारांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट माझ्या सूर्याच्या बरोबर तोंडावर होता. अर्धा सूर्य पुसला गेला होता.

त्यांनी पाय असा उचलला, जणू निखाऱ्यावर पडला असावा. दोन पावलं मागे सरले. "माफ करा, बाई," ते म्हणाले आणि टोपी काढली. घरी तेच व्रत करणारी बायको असल्यावर दुसरं काय करणार? परत तो प्रश्न काही त्यांनी विचारला नाही. गंगम्मा माझ्या मागून स्वयंपाकघरात गेली आणि दूध ओतल्याचा आवाज आला.

"फौजदार," आबासाहेब खुर्चीवरून म्हणाले, "तुमी हितं कसं?"

पदकं दिसल्यावर फौजदारांनी टाचा जुळवल्या. "सुभेदारसाहेब, आपण? बातमी आहे, की इथे बंदरावर बॉम्ब टाकायचा कट शिजतोय. रविवारी पहाटेचा."

"शिजतोय की! मीच पंच हाय." आबासाहेबांनी काठीने रांगोळी दाखवली. "ह्यो बगा समुद्र. वाचा, वाचा, लिवलंय तितं. ह्या भाकरी म्हंजे बोटी. वकील आला न्हाय, हल्ल्याच्या बाजूला मानूस न्हाय. तुमी बसा."

"मी?"

"हल्ला करायलाच आलाय न्हवं?"

शिवप्पा हवालदार तोंडावर हात धरून खोकला. फौजदारांनी आधी वाकून महासागर वाचला. मग शिपायांना घर पाहायला सांगितलं. ते नकाशे घेऊन आले, फौजदारांनी ते चाळले, ॲटलासवरचा शाळेचा शिक्का पाहिला आणि परत दिले. मग ते पाटावर बसले. बसले ते बसलेच.

पहिल्या खेपेला आबासाहेबांनी बेटाला बातमी दिली नाही, फौजदार जिंकले आणि खूश झाले. दुसऱ्या खेपेला अर्धा तास दिला, तेव्हा त्यांची निम्मी विमानं पडली. ती खाऊन टाकायचा नियम शिवप्पाने लगेच शिकून घेतला. मग फौजदारांनी मान वर केली आणि सरळ मास्तरांकडे पाहत विचारलं, "पण बेटाला ही बातमी दिली कोणी? घरभेदी कुणीतरी असणारच."

आबासाहेबही मास्तरांकडे पाहू लागले. आणि तेव्हा त्या भित्र्या माणसाने, ज्याने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, खाकरून घसा साफ केला आणि वर्गात बोलतात तसं बोलायला सुरुवात केली.

"घरभेदी कशाला? बेटाने चारी दिशांना पहाऱ्याच्या बोटी ठेवल्या, तर त्यांना लांबूनच विमानांचा आवाज येईल. समुद्रावर फिरतं विमान ठेवलं तर सपाट बोट आदल्या दिवशीच दिसेल. बातमी कुणी आणून द्यायला लागत नाही. पहारा शिस्तीत असला की पुरे. कुणी आणून द्यायला लागत नाही. काय?"

"लागत नाही," फौजदार म्हणाले. तीनदा सांगितल्याचा असाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कळलं.

"बसऱ्याला आमाला बातमी आली व्हती," आबासाहेब म्हणाले. "पर सायेबानं आदी चा पिला आन् मग कागूद फोडला. तवर निम्मा तळ गेला. बातमी कुनाकडनं आली ह्ये कुनी इचारलं न्हाय."

सूर्य वर आला. मी पुसलेला सूर्य पुन्हा काढला होता, त्याला नैवेद्य दाखवला आणि सगळ्यांना दूध दिलं. फौजदार उठले. म्हणाले, "मी वरती कळवतो, करमणुकीचा खेळ आहे म्हणून. पण मास्तर, आवाज जरा बेताचा ठेवा. आणि बंदराऐवजी किल्ला वगैरे घेत चला." जाताना त्यांनी मूठभर विमानं खिशात टाकली. आबासाहेबांनीही काठी उचलली. दाराशी थांबून ते मला एवढंच म्हणाले, "वैनी, पंच म्हनून पुन्यांदा बोलवा, पर पुडल्या टायमाला कोन कोन येनार त्ये आदी सांगा. म्या दुसरा कोट घातला असता." त्यांना किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

गंगम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे पाहून हसली, रिकामी घागर उचलली आणि "येते अक्का" म्हणून रोजच्यासारखी गेली. ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. मग दाराला कडी घातली आणि तिथेच टेकले. कालपासून पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. देवा, वाचलो. मोठ्याने म्हणाले मी ते.

मास्तर अजून पाटावरच होते. ऊन अंगणभर आलं होतं, त्यांच्या कपाळावर घाम होता, तरी कोट तसाच.

"काढा आता तो कोट. उकडत नाही का?"

ते जागचे हलेनात. मीच जाऊन गुंड्या काढल्या. आत एकावर एक दोन सदरे होते. कमरेला दुसरं धोतर गुंडाळलेलं. कोटाच्या एका खिशात दंतमंजनाची डबी, दुसऱ्यात जानव्याचा नवा जोड आणि माझ्या कुंकवाच्या करंड्यातलं थोडं कुंकू, कागदाच्या पुडीत.

मी बघतच राहिले. हा माणूस तुरुंगात जायची सगळी तयारी अंगावर घालून, पाटावर बसून, फौजदाराशी शेंगांनी खेळत होता.

"म्हणजे माझ्या युक्तीवर तुमचा काडीइतका भरवसा नव्हता?"

"होता," ते म्हणाले. "पण तू म्हणालीस ना, प्रत्येकाने आपापल्या जागेवर उभं राहायचं. मला वाटलं, आपली जागा तिथेच असेल."

मला रडू फुटलं आणि त्यातच हसू आलं, दोन्ही एकदम, आवरेनात. त्यांनीही मग डोळ्यांना पदर लावावा तसं धोतराचं टोक लावलं, ते जास्तीचं धोतर. मी ती डबी आणि जानवं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जागेवर ठेवा हे सगळं. आणि सदरा एकच ठेवा अंगावर, दुसरा धुवायला द्या. उद्या सोमवार आहे. उद्या शाळा आहे तुम्हाला."